तिघांचा पट

बुद्धिबळ बाबांचं आणि माझं. साखऱ्याच्या माळावरून शेळ्या घेऊन आले की बाबा हातपाय धुऊन ओसरीत पट मांडायचे. आई चुलीपाशी बसून आमची भांडणं ऐकायची, खेळायची मात्र नाही.

नर्सिंग शिकायला मी हिंगोलीला गेले. तिथं मोबाइलवर एक सहा कोपऱ्यांचा पट पाहिला. त्यावर तिघं खेळतात, आणि घरांच्या ओळी मधोमध येऊन वाकतात. दर रविवारी मी घरी यायचे, तेव्हा तो बाबांना दाखवला. त्यांनी गावातल्या सुताराकडून तसा पट करून घेतला. तिसऱ्या बाजूच्या सोंगट्यांना पोळ्यात बैलांच्या शिंगांना लावून उरलेला लाल रंग दिला आणि आईला हात धरून बसवलं.

वाकलेल्या ओळींत आम्हीच गोंधळायचो. आई म्हणायची, "उंट तसाबी तिरपाच चालतो. त्याला काय फरक पडून राहिला?"

तिला जिंकायची घाई नसे. जो हरायला येई, त्याच्या मदतीला तिचे लाल घोडे जायचे.

"पोरीची राखण काहून करून राहिली?" बाबा चिडायचे. "तुझा राजा बघ."

"बघते. कुठं पळून चालला तो?"

मग तिच्या पोटात गाठ निघाली. नांदेडच्या खेपा सुरू झाल्या. उशीला टेकून ती खेळायची. पुढं पुढं नुसत्या चाली सांगायची, सोंगट्या मी हलवायचे. एका रविवारी म्हणाली, "तुमी दोघं खेळा. मी पडते जरा."

"दोघांत न्हाई होत हे," बाबा म्हणाले आणि मांडलेला पट तसाच खाटेखाली सरकवला.

पुढच्या रविवारी मी पोचले तेव्हा दारात माणसं जमली होती.

पावसाळा सरल्यावर बाबांनी एकदा आपणहून पट काढला. लाल सोंगट्याही मांडल्या. "तिच्या चाली तू कर," म्हणाले.

मी माझ्याही चाली करत होते, तिच्याही. बाबांचा वजीर गेला, राजा कोपऱ्यात अडकला. मला शह देता येत होता. लाल पाळी आली तेव्हा मी फार विचार केला नाही. घोडा उचलून त्यांच्या राजापुढं आडवा ठेवला.

बाबांनी त्या घोड्यावर बोट टेकवलं. "असंच करायची ती," एवढंच बोलले, आणि उठून शेळ्यांकडे गेले.

मी सोंगट्या गोळा केल्या. ते परत आले तेव्हा डोळे लाल होते. मी भाकरी वाढली. त्यांनी अर्धीच खाल्ली. त्यानंतर पट कुणी काढला नाही.