कॅल्शियमची बाटली

लेबलवाल्या मावशीच्या हाताखालून वाकड्या लेबलाची बाटली बावीस वर्षांत एकदाही गेली नव्हती. औषधाच्या बाटल्यांना लेबलं लावायचं तिचं काम. सुपरवायझर म्हणायचा, "मावशी, तुम्ही झोपेतसुद्धा सरळ चिकटवाल." ती म्हणायची, "झोपू द्याल तेव्हा ना!"

त्याच हाताने तिने घात केला. लेकीला लहानपणापासून फिट यायची. गोळ्या चालू होत्या म्हणून सहा वर्षांत एकदाही आली नव्हती. पण लेकीचं लग्न ठरलं. सासरी कळलं तर? तिने कामावरून कॅल्शियमचं एक लेबल गुपचूप आणलं आणि फिटच्या गोळ्यांच्या बाटलीवर चिकटवून टाकलं. म्हणाल, सख्खी आई असं करील? अहो, सख्खी आईच करते!

सासू मिळाली लाखात एक. फोनवर म्हणायची, "विहीणबाई, सून गुणाची हो, पण झोपाळू फार!" मावशीही हसायची. महिन्याची बाटली पंधरा दिवसांत संपायची. लेक म्हणायची, "सांडल्या गं." मग मावशी तिला वेंधळी म्हणून झापायची आणि बाटली पुन्हा भरून द्यायची.

लेकीला दिवस राहिले. पाचव्या महिन्यात सोनोग्राफी झाली तेव्हा डॉक्टरीणबाईंसमोर लेक, सासू आणि मावशी या तिघीच होत्या. डॉक्टरीणबाईंनी हळू आवाजात सांगितलं, की बाळाचा मणका खालच्या बाजूला मिटलेलाच नाही, पाठ उघडी आहे. हे पहिल्याच महिन्यात होतं, दिवस गेलेत हे कळायच्याही आधी. मग त्या विचारू लागल्या. घरात आधी कुणाच्या बाळाला असं झालंय? साखरेचा त्रास? सुरुवातीला जोराचा ताप? फॉलिक ॲसिडची गोळी आधीपासून घेत होतीस? फिटचं वगैरे औषध?

लेकीने सगळ्यालाच मान हलवली. "नाही."

"काही म्हणजे काही नाही हो," सासू रडत म्हणाली. "मी डोळ्यांत तेल घालून जपलंय तिला. कॅल्शियमची एकच गोळी घ्यायची ती. म्हटलं, हाडं बघ कशी काडीसारखी, उद्या पोर पोसायचंय, दोन घे. लग्नापासून रोज दोन, माझ्या हाताने देते."

दोन! म्हणून बाटली पंधरा दिवसांत संपत होती, हे मावशीला आत्ता कळलं. लेक तिच्याकडे बघत होती, बोलू नकोस म्हणून डोळ्यांनी विनवत होती. गप्प बसलं तर लेकीचा संसार टिकेल. पण आज संध्याकाळी पुन्हा दोन. आणि पुढच्या खेपेलाही हेच!

तिने लेकीच्या पर्समधून बाटली काढली आणि लेबल नखाने खरवडायला लागली. नख तुटलं, लेबल निघेना.

"या फिटच्या गोळ्या आहेत, डॉक्टर," ती म्हणाली. "लेबल मी लावलंय."

डॉक्टरीणबाईंनी बाटली हातात घेतली. मग लेकीला म्हणाल्या, "एकदम बंद करू नकोस, फिट येईल. आपण नीट ठरवू. या गोळ्यांनी बाळाला असं व्हायचा धोका वाढतो, डोस वाढला की आणखी वाढतो. आधी कळलं असतं तर दिवस राहायच्या आधीच औषध बदलता आलं असतं." नक्की कशामुळे झालं ते सांगता येत नाही, असंही त्या म्हणाल्या. ते कुणी ऐकलंच नाही.

सासू स्वतःच्या तळहातांकडे बघत राहिली. "म्हणजे मी माझ्या हाताने..."

"नाही हो, विहीणबाई," मावशी म्हणाली. "माझ्या."