मामीचं विलायती सामान

व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्रज पोरांच्या खोलीत काय काय सामान असायचं, हे डोळे मिटून सांगू शकेल अशी अख्ख्या वसई तालुक्यात एकच व्यक्ती होती, आणि ती माझी मामी होती. शाळेतून इंग्रजीची शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्यावर तिने जुन्या इंग्रजी बालपुस्तकांतल्या वस्तूंवर पीएच.डी. करायला घेतली. कुठलंही पुस्तक हातात दिलं की म्हणायची, "गोष्ट काय, कुणीही वाचतं. चहा गरम राहावा म्हणून किटलीवर टोपी कसली होती ते सांग!" अनाथ पोरगी बर्फात कुडकुडत असली तरी मामीचं लक्ष तिच्या बुटांच्या बटणांवर.

वाचून भागेना, तेव्हा तिने वस्तू घडवायलाच सुरुवात केली. सांडोरच्या एका सुताराला हातवारे करून झुलणारा लाकडी घोडा समजावला. आला तो बैलासारखा जाड मानेचा. "टीचर, मान बारीक केली तर मोडेल," सुतार म्हणाला, आणि माझी मुलगी त्याला शेवटपर्यंत नंदीच म्हणाली. त्या गोष्टींतल्या श्रीमंत मुली थंडीत केसाळ नळकांड्यात दोन्ही हात घालून फिरत. मामीने जुन्या घोंगडीचं तसलं नळकांडं शिवलं आणि डिसेंबरात ते घालून बाजारात गेली. पाचूबंदरची मासेवाली कळवळली. "अगो बाय, हात कुनी मोडला तुजा?" म्हणत तिने मामीच्या खांद्यावरच्या पिशवीत स्वतःच बोंबील भरले, वर चार जास्तच टाकले. मामीने गैरसमज दूर केला नाही.

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला मी मागच्या बाकावर बसलो होतो. परीक्षकांनी चष्मा काढून विचारलं, "बाई, यातली एक तरी खरी वस्तू तुम्ही पाहिलीय का?" मामी म्हणाली, "नाही, सर. आमच्या घरी सहा भावंडांत एक बाहुली होती, तीही चिंध्यांची. मी या पुस्तकांतल्या मुलांच्याच वस्तूंशी खेळले." परीक्षकांनी चष्मा परत चढवला आणि सही केली. मामी डॉक्टर झाली.

दोन वर्षांनी मामेभावाने तिला इंग्लंडला नेलं. तिथल्या एका संग्रहालयात त्या काळातली पोरांची खोली जशीच्या तशी मांडून ठेवलेली होती. ती परत आल्यावर मी उत्साहाने विचारलं, "मग? कसं होतं सगळं?"

मामी बाल्कनीतून समोरच्या केळींकडे बघत म्हणाली,

"छान होतं रे. पण फार छोटं होतं. इतकी वर्षं मी खूप मोठ्या खोलीत खेळत होते."