स्वेटर धुवायचं पाणी

माझ्या थोरल्या बहिणीने मला दोन वर्षं फसवलं. नगरच्या कापड बाजारात मी उभं आयुष्य घासाघीस करण्यात काढलं. भल्याभल्या व्यापाऱ्यांना जे जमलं नाही ते चौथीत शाळा सोडलेल्या अक्काने करून दाखवलं, आणि तेही एका स्वेटरच्या जोरावर.

गाव सोडलं ती सकाळ मला लख्ख आठवते. पाथर्डीच्या स्टँडवर नगरची एसटी लागली होती. आई रडत होती. दादा, म्हणजे आमचे वडील, "कुणाशी भांडू नको" एवढंच पुन्हा पुन्हा सांगत होते आणि मी तेव्हाच खिडकीच्या जागेवरून एका पाव्हण्याशी भांडत होतो. अक्काने बाहेरून हात घालून मातकट लाल रंगाचा स्वेटर माझ्या मांडीवर कोंबला. लग्नानंतर वर्षातच तिचा नवरा गेला आणि ती माहेरी आली. मला तिनेच कडेवर घेऊन वाढवलं. शाळेतल्या मास्तरांच्या बायकोकडून ती सुया चालवायला शिकली होती, आणि हा तिचा पहिलाच स्वेटर.

"धुवायचा न्हाई," ती म्हणाली. "नगरचं पानी लई जड हाय. लोकर आखडती. मळला की हिकडं घिऊन यायचं, मी धुतीन."

"म्हंजी दर महिन्याला?"

"तुला मळवायला महिना कशाला लागतोय?"

मी विश्वास ठेवला. आमच्या घरात घोंगड्यांपलीकडे लोकर कुणी पाहिली होती? मी बाजारात गठ्ठे उचलले, मग माल दाखवायला लागलो, मग भाव करायला. सुताचा वास घेऊन मी माल कुठला ते सांगायचो. आणि असा हा हुशार माणूस दर महिन्याला मळका स्वेटर पिशवीत घालून एसटीने गावी जायचा.

थंडी संपली तेव्हा वाटलं, सुटलो. तर अक्का म्हणाली, "उन्हाळ्यात तर लई जपाय लागतं. न धुता ठिवला की कसर खाती." मग भर मे महिन्यात स्वेटर घेऊन प्रवास. एकदा कंडक्टरने विचारलंच, "पाव्हणं, थेट काश्मीर का?" त्याच्याशी मी तिसगावपर्यंत भांडलो.

धुण्याचा थाट मोठा असायचा. रिठे आदल्या दिवशी भिजत घातलेले. स्वेटर पिळायचा नाही, नुसता हलक्या हाताने दाबायचा, मग जुन्या लुगड्यात गुंडाळून पाणी टिपायचं आणि दारच्या शेवग्याखाली बाजेवर आडवा पसरायचा. उन्हात नाही, सावलीत. मी निघायची घाई केली की ती म्हणायची, "लोकर घाईनं वाळत न्हाई बाबा. ऱ्हा उद्यापतुर." म्हणून मी राहायचो. भाकरी, पिठलं, दादांची तीच ती गाऱ्हाणी, आणि मध्येच अक्का उठून स्वेटर उलटा करून यायची.

असं दोन वर्षं चाललं. मग एकदा माझ्या खोलीच्या मालकीणबाईंनी मला पिशवी भरताना पाहिलं. त्या स्वतः विणायच्या. मी कारण सांगितलं तशा त्या हसत सुटल्या. "अहो, पाणी कुठलंही चालतं! फक्त गार घ्यायचं आणि..."

'कुठलंही चालतं' याच्या पुढचं मला काही ऐकू आलं नाही. डोकं फिरलं होतं. मी डबाभर पाणी उकळलं, त्यात धुण्याचा सोडा टाकला आणि ओढ्यावर घोंगडी आपटतात तसा तो स्वेटर दगडावर आपटला. आपटताना दर वेळी अक्काचं नाव घेत होतो. वाळल्यावर त्यात माझं डोकंसुद्धा जाईना. बाह्या वीतभर झाल्या होत्या आणि अंग पुठ्ठ्यासारखं. मालकीणबाई म्हणाल्या, "गार म्हणाले होते ना मी?"

तसाच तो पिशवीत कोंबला आणि जाब विचारायला गावी गेलो. बहात्तरच्या दुष्काळाचे दिवस. अक्का खडी फोडायच्या कामावर गेली होती, दिवस मावळताना आली. तिने तोंडावरची धूळ पुसायच्या आत मी सुरू झालो.

"नगरच्या पान्याला काय झालंय? दोन वर्सं मला येड्यात काढलंस व्हय?"

तिने स्वेटर हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. मग दाव्याचं करडू ओढलं, त्याचे पुढचे पाय बाह्यांत घातले आणि गळ्यातून मुंडकं बाहेर काढलं. अगदी मापाचा बसला.

"बग," ती म्हणाली. "नगरच्या पान्यात धुतलास ना? आखडला का न्हाई? मी सांगत हुते!"

आई पदर तोंडाला लावून हसली. कितीतरी महिन्यांनी दादा हसले. करडू स्वेटर घालून अंगणभर उड्या मारत होतं. बाजारात कुणाला शेवटचा शब्द बोलू न देणारा मी करडू धरायला त्याच्यामागे धावत होतो.

सकाळी एसटीसाठी निघालो तर वेशीबाहेरच्या विहिरीवर हंड्यांची रांग वळण घेऊन गेली होती. त्यात अक्का उभी होती. मला पोचवायला आलेल्या आईने सांगितलं, "घराला दोन हंडं मिळत्यात. त्यातच समदं." मागे वळून पाहिलं. सगळ्या गल्लीत झाडाला पान नव्हतं आणि आमचा शेवगा हिरवागार होता. दर महिन्याला माझ्या स्वेटरचं पाणी त्याच्या बुंध्याशी ओतलं जात होतं.

एसटी चुकेल म्हणून मी तसाच पुढे निघालो. त्या पाण्याचं अक्काला विचारायचं आजवर राहून गेलं आहे. माझ्या घरात आता तीन नळ आहेत आणि लोकरीचे पाच स्वेटर, सगळे दुकानातले. गावी मात्र जाणं होत नाही, कारण न्यायला काही मळत नाही. माझ्यासारखे गाव सोडून गेलेले जे कुणी हे वाचत असतील, त्यांनी आपापल्या पिशव्या तपासून पाहाव्यात.

अक्का, तू अजून त्याच घरात आहेस आणि मी स्वेटरचा विषय काढला की अजूनही म्हणतेस, लोकर आखडती. आता चालणार नाही. या आठवड्यात येतोय, स्वेटरशिवाय येतोय, आणि बाजेवर तुझ्यासमोर बसणार आहे. तीन माणसं दोन हंड्यांवर दिवस काढत होती, तेव्हा माझ्या स्वेटरला लागणारं बादलीभर पाणी कुणाच्या वाट्याचं होतं? विषय बदलायचा नाही. उत्तर दे.