दादाच्या फॉर्मवर मी लिहिलेला आजार

माझ्या दादाला एक आजार मी दिला. फॉर्मवर लिहून.

दादा गेला, आज त्याचा जलदान विधी झाला. पाहुणे गेले, भांडी आवरली आणि लगेच लिहायला बसले आहे. उद्यावर टाकलं तर माझी हिंमत होणार नाही, मी मला ओळखते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही नगरजवळ केडगावला राहायचो. दादा एमआयडीसीत टर्नर होता. लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या मशीनवर, त्याचा हात असा, की अवघड जॉब आला की सुपरवायझर त्यालाच शोधत यायचा.

मग एका वर्षी त्याला भीती वाटायला लागली.

कशाची, ते त्यालाच सांगता येईना. जेवता जेवता हात थांबायचा. "सुमे, कायतरी हुनार हाय," म्हणायचा.

पुढे जेवण सुटलं. बोलणं सुटलं. वहिनी हाताला धरून त्याला मोरीपर्यंत न्यायची.

शेवटी नगरच्या एका डॉक्टरांकडे ॲडमिट केलं. त्यांच्या पाटीवर 'मनोविकार व फिट्स' असं लिहिलेलं होतं. अठरा दिवसांनी दादानं स्वतःहून चहा मागितला. वहिनी तिथंच रडायला लागली.

गोळ्या मात्र पुढची दोन-तीन वर्षं चालू ठेवायच्या होत्या. घरात होतं नव्हतं ते दवाखान्यात गेलेलं. कंपनीनं मेडिक्लेम काढला होता, दवाखान्याचं बिल त्यातून परत मिळालं, तरच गोळ्या येणार.

विम्याचं पुस्तक इंग्रजीत. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी, म्हणून भाव खात वाचायला बसले.

काय काय मिळणार नाही, त्याची यादी होती. चष्मा. दातांची कवळी. दारूपायी झालेलं दुखणं.

आणि त्याच यादीत मानसिक आजार.

मी डिक्शनरी काढून परत वाचलं. अर्थ तोच निघाला.

दादाबरोबर काम करणारे एक काका घरी आले. म्हणाले, "फिट येती म्हनून लिव्हा. फिट बसती इम्यात. डोक्याचं बसत न्हाई."

वहिनी म्हणाली, "अवो, पन फिट बी डोक्यातच येती ना?"

"ती बसती," काका म्हणाले.

डॉक्टर आधी नाहीच म्हणाले. मी दोन दिवस त्यांच्या बाकड्यावर बसून राहिले. शेवटी त्यांनी सही केली आणि म्हणाले, "ताई, हा कागद नंतर परत घेता येणार नाही."

मला तेव्हा फक्त सही दिसत होती.

फॉर्म मी भरला. माझं अक्षर चांगलं म्हणून.

थोड्या दिवसांनी पत्र आलं. चौकशीला साहेब घरी येणार. मग आठवडाभर आमची तालीम.

"दादा, जीभ चावली जाते म्हणायचं."

"कवा?"

"फिट आल्यावर."

"मी शुद्धीवर न्हाई, मग मला कसं कळंल?"

मी चिडायचे. तो बिचारा परत पहिल्यापासून म्हणायचा. जो माणूस भीतीतून आत्ता कुठं बाहेर आला होता, त्याला मी रोज तासभर घाबरवत होते. तो पुन्हा जेवायचा थांबतो की काय, म्हणून वहिनी दाराआडून त्याच्या ताटाकडे बघत राहायची.

साहेब आले. चहा घेतला. दादा सगळं नीट बोलला, पण हात थरथरत होते. साहेबांनी ते हात बघितले आणि मान हलवून लिहून घेतलं.

क्लेम पास झाला. मी पेढे आणले. त्या पेढ्यांची अजून लाज वाटते.

पुढच्याच महिन्यात कंपनीनं दादाला मशीनवरून काढलं. फिट येणारा माणूस लेथपाशी उभा करता येत नाही. नियम होता, आणि बरोबरच होता.

दादाला स्टोअरला टाकलं. हातमोजे आणि मशीन पुसायचं कॉटन वेस्ट वाटायला.

त्या दिवशी घरी आला, बूटसुद्धा काढले नाहीत. "सुमे, मॅनेजरला खरं सांगू का?"

मी म्हणाले, "खरं सांगितलंस तर क्लेम खोटा ठरेल. नोकरी जाईल. आत टाकतील आपल्याला."

"मग?"

"गप्प बस, दादा."

तो गप्प बसला. रिटायर होईपर्यंत.

गल्लीतही फिटचीच बातमी. दादा उन्हातून येऊन जरा टेकला, की शेजारच्या मावशी कांदा फोडून त्याच्या नाकाशी धरायला धावत. तो निमूट हुंगायचा. मला म्हणायचा, "फिटवाला म्हनत्यात. येडा तर न्हाई म्हनत." आणि हसायचा. मला हसू यायचं नाही.

एकदा धीर करून विचारलं, "दादा, माझा राग येतो का रे?"

"तुजा कशाला? तू लिव्हलं म्हनून गोळ्या मिळाल्या." मग म्हणाला, "पन लेथचा आवाज आला की जीव लई तुटायचा."

आता म्हणे कायदा झालाय, मनाचा आजारही विम्यात धरावा लागतो. वाचलं तेव्हा बरं वाटायला हवं होतं. मला रागच आला.

दादा हार्ट अटॅकनं गेला. आज विधीला त्याच्या कंपनीतले दोघं-तिघं आले होते. एक जण म्हणाले, "फिटचा लई तरास हुता बिचाऱ्याला."

मी हात जोडले आणि "व्हय" म्हणाले.

जेवणं होईपर्यंत ते "व्हय" मला ऐकू येत होतं.

म्हणून आज आलेल्या आणि न आलेल्या सगळ्यांना सांगते. माझ्या दादाला आयुष्यात एकदाही फिट आली नाही. त्याला मनाचा आजार झाला होता. त्यानं औषध घेतलं आणि तो बरा झाला. तो लेथ चालवू शकला असता.

दादा, हे तू असताना बोलायला पाहिजे होतं.

जय भीम, दादा. माफ कर.