उघड्या दाराचा शिवणक्लास

शिवणक्लासच्या आम्ही बाया भेटलो ना, की एक किस्सा संपायच्या आत दुसरा सुरू. ऐंशीच्या दशकातलं आमचं घाटकोपर! आणि प्रत्येक किश्श्यात ते दार येणारच.

खोली हिराबाईची. माहेर मनोरीचं, जातिवंत कोळीण, आवाज खणखणीत! सकाळी मासे विकायची, दुपारी खोली क्लासला. शिकवायची शेफाली. ती पूर्व बंगालची. एकाहत्तरच्या लढाईत सैनिकांनी तिला खोलीत कोंडून अत्याचार केले होते. पुढे भावासोबत मुंबईला आली. क्लासच्या पहिल्याच दिवशी कोणीतरी कडी लावली, तर शिकवणारी बाईच रस्त्यावर!

हिराबाई मागे धावली. शेफालीने तिला सगळं सांगितलं, आणि "बाकीच्यांना तूच सांग," म्हणाली. आम्ही पुन्हा कधी विचारलं नाही. हिराबाईने फर्मान काढलं, "आजपासून दार उघडं. कोणी विचारलं तर सांगा, बायांना गरम होतंय!"

*

आता पावसाळ्यात काय गरम होणार? वाऱ्याने पाऊस थेट आत. एकीने शिवायचं, दुसरीने मशीनवर छत्री धरायची. पण दार लावूया, असं कोणी म्हटलं नाही!

*

एकदा बकरी घुसली आणि गिऱ्हाइकाच्या ब्लाउजची बाही खाऊन गेली. आमची वाट लागली! शेफालीने शांतपणे दुसरी बाही उसवली. "स्लीव्हलेस. नवीन फॅशन." त्या बाईने तो झोकात मिरवला की!

*

शेजारची एक बाई दारात उभी राहून रोज विचारायची, "हिचं लग्न का नाही गं झालं?" शेफालीचा चेहरा उतरायचा. एके दिवशी हिराबाई भडकली. "ताई, मशीन मोकळी आहे. तोंडाला टीप मारून देऊ?"

ती परत फिरकली नाही. शेफाली त्या दिवशी इतकी हसली, की मला रडूच आलं.

*

आणि तो दिवस. एक नवरीमुलगी मापाला आली. एरवी आमच्यातल्या दोघी चादर धरून आडोसा करायच्या, पण चादर धुवायला गेलेली. पोरगी लाजून पदर सोडेना.

शेफाली उठली. दार लोटलं. कडी लावली.

हिराबाईची कात्री हातातच राहिली. शेफालीने एकदा कडीकडे पाहिलं, टाचण्या तोंडात धरल्या आणि टेप पोरीच्या खांद्याला लावली.

तेवढ्यात दारावर धाडधाड थापा! पोरीचा भाऊ. "दार उघडा! किती वेळ?"

आम्ही सगळ्या शेफालीकडे बघत राहिलो. तिने तोंडातल्या टाचण्या काढल्या.

"बाहेर थांब! आम्ही उघडू, तेव्हाच यायचं!"