काकीच्या ओट्याखालची जागा

मुमताजभाभींचा फोन आला तेव्हा मी कामासाठी दापोलीला गेलो होतो. त्या काकीच्या शेजारच्या. काकी दार उघडत नाहीत, खिडकीतून खुर्चीवर बसलेल्या दिसतायत, पण हाकेला ओ देत नाहीत, एवढंच त्यांनी सांगितलं आणि मला कळलं. रत्नागिरीला पोचेपर्यंत दुपार झाली. शेजाऱ्यांनी कडी तोडून दार उघडलं होतं, डॉक्टर येऊन गेले होते. काकी तिच्या स्वयंपाकघरात, रोजच्या लाकडी खुर्चीवर बसल्याबसल्याच गेली होती. केस विंचरलेले, चष्मा डोळ्यांवर. आता महिना होऊन गेला. तिच्याबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण लिहायला बसलं की मला सारखी एकच गोष्ट आठवते. भांडी धुण्याचं मशीन घरात कुठे बसवायचं यावरून गेल्या वर्षी तिने आम्हा सगळ्यांशी घातलेला वाद.

सुजाताकाकी माझ्या धाकट्या काकांची बायको. संगमेश्वरकडच्या एका आडगावातल्या बौद्धवाडीतून शिकून मास्तरीण झालेली पहिली मुलगी. हेदवीजवळच्या शाळेत तिने सुरुवात केली, मग काही वर्षं पोफळीला काढली आणि शेवटी रत्नागिरीत येऊन निवृत्त झाली. काका कचेरीत कारकून होते. दोघांनी मिळून रत्नागिरीच्या बाहेरच्या अंगाला जांभ्या दगडाचं घर बांधलं, तेव्हा मी कॉलेजात होतो. ओटा किती उंच घ्यायचा हे गवंडी सांगायला लागला तर काकी चपला काढून भिंतीला लागून उभी राहिली, कोपर वाकवलं आणि तिथे खडूने रेघ ओढली. "स्वयंपाक मी करणार आहे," म्हणाली. काकी ठेंगणी. त्या ओट्यावर चहा करायचा तर मला आजही कमरेत वाकावं लागतं.

काका गेल्यावर ती एकटीच राहिली. एकुलता मुलगा संदेश मुंबईला नोकरीत. तो बोलवायचा, ही चार दिवस जाऊन परत यायची. मग संधिवाताने बोटं वाकडी व्हायला लागली. काचेचे ग्लास हातातून निसटू लागले. भांडी घासायला येणारी बाई लेकाकडे कायमची निघून गेली आणि दुसरी कोणी मिळेना. तेव्हा संदेशने फोनवर जाहीर केलं की मी मशीन पाठवतोय. एकट्या बाईच्या दोन ताटांना मशीन कशाला, म्हणून काकी आधी हसली. मग म्हणाली, येऊ दे, पण कुठे बसवायचं ते मी ठरवीन.

आम्हाला त्यात ठरवण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. घरामागे पडवी होती, तिथे नळ होता, मोरी होती, कपडे धुण्याच्या मशीनसाठी काढलेला जाड प्लगही होता. दिनेश प्लंबर बघून म्हणाला, एक पाइप नळाला जोडतो, एक मोरीत सोडतो, झालं काम. आत स्वयंपाकघरात मात्र सगळीच अडचण. मशीन ओट्यापेक्षा चार बोटं उंच. म्हणजे ओट्यावरचा कडाप्पा कापायचा, पाणी बाहेर काढायला जांभ्याची भिंत फोडायची, शिवाय जुन्या वायरिंगला लोड झेपणार नाही म्हणून मीटरपासून नवी वायर ओढायची. संदेश व्हिडिओ कॉलवर म्हणाला, पडवी. मीही म्हटलं, पडवी. काकीने सगळ्यांचं ऐकून घेतलं, दिनेशला चहा दिला आणि म्हणाली, "ओट्याखाली, खिडकीकडच्या बाजूला." दिनेश माझ्याकडे बघायला लागला.

मग कितीतरी दिवस ते मशीन खोक्यातच पुढच्या खोलीत बसून राहिलं. त्याच्यावर वर्तमानपत्रं साठू लागली, येणारा-जाणारा त्यावर पिशवी टेकवू लागला. मी गेलो की विषय निघायचा. पावसात पडवीत झड येते, तिथे मशीन गंजेल, असं ती म्हणायची. मी म्हणायचो की पत्रा पुढे घेऊ. मागे उंदीर आहेत, पाइप कुरतडतील, म्हणायची. मी म्हणायचो, जाळी मारू. माझ्याकडे प्रत्येकाला उत्तर होतं, आणि तिला त्या उत्तरांशी काही देणंघेणं नव्हतं हे हळूहळू माझ्या लक्षात येत गेलं. शेवटी संदेश सुट्टी काढून आला. दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही तिघं तिथेच स्वयंपाकघरात बसलो होतो. त्याने सगळं पुन्हा समजावलं आणि वैतागून म्हणाला, "आई, आलेल्या-गेलेल्याला दिसायला हवंय का तुला ते?"

काकी चिडली नाही. वर्गात पोरांना समजवावं तसं तिने सांगितलं. ती लहान असताना बाबांबरोबर गावातल्या एका मोठ्या घरी भातलावणीच्या कामाला जायची. चहा मिळायचा तो मागच्या पडवीत. "आमच्या कपबश्या वेगळ्या. तिथेच वळचणीला खोचलेल्या असायच्या," ती म्हणाली. "आम्ही कप धरायचा, ते वरून चहा ओतायचे. पिऊन झालं की आपणच विसळायचा आणि परत वळचणीला ठेवायचा. बाबा मला सांगायचे, नीट विसळ हां, बाय. मी नीटच विसळायचे. संदेश, माझ्या घरातलं उष्टं भांडं धुवायला पडवीत जाणार नाही. ओटा फुटला तर फुटू दे."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात आलं की आमच्या ओळखीच्या बहुतेक घरांत भांडी मागच्या मोरीवर घासतात आणि काकीने मात्र घर बांधलं तेव्हापासून एक टोपसुद्धा मागे नेलेला नाही. मोठं सिंक तिने आत, खिडकीखाली करून घेतलं होतं. संदेशला हे सगळं पुस्तकांतून, भाषणांतून माहीत होतं. आपल्या आईच्या हातातली कपबशी त्याला माहीत नव्हती. तो उठून पाठमोरा उभा राहिला, नळ सोडून तोंडावर पाणी मारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा तो टेप घेऊन ओट्याखाली आडवा झाला होता आणि काकी खुर्चीवरून त्याला मापं नीट घ्यायला सांगत होती.

काम चार-पाच दिवस चाललं. डाळ-तांदळात, पांघरुणांत, सगळीकडे जांभ्याची लाल धूळ. काकी नाकाला पदर लावून हजर. कडाप्पा तडकेल म्हणून दिनेश घाबरत होता, तो सरळ रेषेत कापला गेला. खिडकीकडचा तेवढा तुकडा वर उचलून बसवला, त्यामुळे ओट्याला एक पायरी झाली. पहिल्यांदा मशीन लावलं तर पाइपची क्लिप सैल राहून पाणी जमिनीवर आलं. दिनेशने ती आवळली, काकीने स्वतः फडकं मारलं आणि पुन्हा बटण दाबलं.

पुढच्याच रविवारी तिने जुन्या सहशिक्षिकांना जेवायला बोलावलं. सुरमईचं कालवण, सोलकढी, आंबोळ्या. त्यांच्यात हेदवीकडच्या दिवसांतल्या एक बाई होत्या. त्या काळी त्या काकीच्या खोलीवर आल्या की नेमका त्यांचा उपवास असायचा, हे काकीने मला पूर्वी कधीतरी हसत सांगितलं होतं. आता त्याही थकलेल्या. त्यांच्यासाठी वांग्याची भाजी, वरणभात वेगळा केला होता. पोटभर जेवल्या आणि आपलं ताट घेऊन सिंककडे निघाल्या. काकीने ते हातातून घेतलं, "बसा हो तुम्ही," म्हणाली आणि आपल्या ताटाशेजारी मशीनमध्ये लावलं. त्या बाई क्षणभर तिथेच उभ्या राहिल्या, मग काकीच्या खांद्यावर हात ठेवून खुर्चीवर बसल्या. सगळ्यांच्या गप्पा चालू असताना मशीनचा घुर्र आवाज येत होता. काकी तेव्हा जितकी आरामात बसलेली दिसली, तितकी ती मला कधीच दिसली नव्हती. त्यानंतर सात-आठ महिने ती त्या स्वयंपाकघरात मजेत राहिली.

शोकसभा झाल्यावर, पाहुणे पांगल्यावर, संदेश आणि मी घर आवरत होतो. मी मशीनचं दार उघडलं. काकी ते पूर्ण भरल्याशिवाय लावायची नाही, एकटीची भांडी दोन-तीन दिवस साठवायची. आतमध्ये तिचं ताट होतं, वाटी, चहाचे कप, भाताचं पातेलं. ताटात आमटी वाळून पिवळी झालेली. मी ताट हातात घेऊन नळाखाली धरणार तेवढ्यात संदेश म्हणाला, "दादा, राहू दे ते तिथेच." त्याने टेबलावरचे पाहुण्यांचे कप गोळा केले, मुमताजभाभींनी सकाळी आणलेला बिर्याणीचा डबा आणला, आमची दोघांची ताटं आणली आणि एकेक करून मशीनमध्ये लावत गेला. जागा उरली तेव्हा फळीवरचे धुतलेले पेलेसुद्धा त्याने त्यात कोंबले. मग पावडर टाकून बटण दाबलं. मशीन थांबेपर्यंत आम्ही दोघं तिथेच बसून होतो. शेवटी त्याने दार उघडलं, वाफ वर आली, त्याच्या चष्म्यावर धुकं साचलं. चष्मा न पुसताच तो कढत ताटं एकेक बाहेर काढून माझ्या हातात देत राहिला आणि मी ती मांडणीवर लावत राहिलो.