ओवीचे खडे आणि माझं खोटं उत्तर

सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. "हा पांढरा ठिपका दिसतोय ना, तो खडा. उजव्या किडनीच्या तोंडाशी अडकलाय. डाव्या किडनीतही दोन बारीक आहेत."

माझं बिबवेवाडीत चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांना "आता नीट दिसतंय का?" असं विचारणं हा माझा धंदा. त्या दिवशी स्क्रीनवरचं सगळं नीट दिसत होतं, पण डोक्यात काही शिरत नव्हतं. मूतखडा हे मोठ्या माणसांचं दुखणं अशी माझी समजूत होती. टेबलावर झोपलेली माझी मुलगी ओवी तेव्हा नऊ वर्षांची होती.

तीन आठवडे तिचं पोट अधूनमधून दुखत होतं. शनिवारी-रविवारी दुखायचं नाही, म्हणून मी शाळा बुडवायचं निमित्त समजलो. मग जंतांचं औषध झालं. एका सकाळी तिला उलट्या सुरू झाल्या, लघवी लालसर झाली आणि ती कमरेवर हात दाबून फरशीवर बसली. माझी बायको अनघा तिला उचलून रिक्षात बसलीसुद्धा. मी दुकानाची किल्ली शोधत होतो. मुलांचं पोट वारंवार दुखत असेल, तर लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी लवकर करून घ्या. आम्ही तीन आठवडे घालवले.

रिपोर्टवर शब्द होता हायड्रोनेफ्रोसिस. म्हणजे खड्यामुळे वाट अडते, लघवी मागे साचते आणि किडनी फुगते. आम्हाला मुलांच्या युरॉलॉजिस्टकडे, म्हणजे मूत्रविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्या मॅडमनी आधी ओवीला नाव, शाळा, आवडीचा विषय असं सगळं विचारलं आणि मग माझ्याकडे वळल्या. "घरात कुणाला मूतखड्याचा त्रास? आई-वडील, आजी-आजोबा, मामा-काका?"

"नाही. दोन्हीकडे कुणालाच नाही," मी लगेच म्हणालो.

अनघाने माझ्याकडे पाहिलं. ओवीनेही पाहिलं.

ओवी अकरा महिन्यांची असताना आम्ही तिला दत्तक घेतलं. तिला हे कळायला लागल्यापासून माहीत आहे. घरात आम्ही त्यावर मोकळेपणाने बोलतो. चारचौघांत मात्र तो शब्द माझ्या तोंडून निघत नसे. लोकांची नजर बदलेल, तिला वाईट वाटेल, असं मी स्वतःला सांगायचो. खरं तर भीती माझीच होती. कुणी तिला माझी मुलगी म्हणताना क्षणभर थांबेल, तो क्षण मला नको होता.

लघवीचं कल्चर केलं, म्हणजे जंतुसंसर्ग आहे का ते पाहिलं. तो निघाला, म्हणून आधी त्याची औषधं झाली. मग मिनी पीसीएनएल करायचं ठरलं. यात पाठीत एक लहानसं छिद्र करून दुर्बिणीने खडा फोडून बाहेर काढतात.

आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ फॉर्म घेऊन आले. ओवी पलंगावर मांडी घालून बसली होती. "रक्ताच्या नात्यात कुणाला भूल दिल्यावर काही त्रास झाला होता?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

"बाबा, असं कसं नाही?" ओवी म्हणाली. "माहीत नाही, असं सांग ना." मग ती डॉक्टरांकडे वळली. "मी दत्तक आहे. माझ्या रक्ताच्या नात्यातलं आम्हाला कुणाचंच काही माहीत नाही."

आवाज अगदी साधा, रोल नंबर सांगावा तसा. डॉक्टरांनी फॉर्मवरचं खोडून नवं लिहिलं. "थँक यू ओवी. हे फार कामाचं सांगितलंस."

"मग मला वेगळी भूल देणार?"

"नाही. पण जास्त लक्ष ठेवणार."

माझे कान तापले होते. तरी खरं सांगतो, त्या शरमेच्या वर अभिमान होता. जे मला इतक्या वर्षांत जमलं नाही, ते तिने हॉस्पिटलचा ढगळ गाऊन घालून, हाताला सुई टोचलेली असताना एका वाक्यात केलं होतं.

संध्याकाळी मॅडमनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. "एवढ्या लहान वयात दोन्ही किडन्यांत खडे आहेत, तेव्हा कारण मी शोधणारच होते. पण तुम्ही 'नाही' म्हणालात म्हणून आनुवंशिक आजार मी यादीत खाली ठेवला होता. 'नाही' आणि 'माहीत नाही' ही आमच्यासाठी दोन वेगळी उत्तरं आहेत, अहो." मी मान हलवली.

त्यांनी लगेच लघवी सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला पाठवली. तिच्यात सहा कोनांचे स्फटिक सापडले, म्हणजे एका आनुवंशिक आजाराची खूण. मॅडमनी मोबाइलवर फोटो दाखवला, तर ओवी म्हणाली, "हे तर मस्त दिसतंय."

ऑपरेशन अडीच तास चाललं. बाहेरच्या बाकावर अनघा शाळेचे पेपर तपासत बसली होती. ती गणित शिकवते. तासाभराने माझ्या लक्षात आलं, ती एकाच पेपरवर थांबली आहे. मी तिचा हात धरला. ओवीला बाहेर आणलं तेव्हा गुंगीतच तिने पाणी मागितलं.

खड्याच्या तपासणीतून आजाराचं नाव पक्कं झालं, सिस्टिन्युरिया. सिस्टिन हा प्रथिनांमधला एक घटक. किडनीने तो परत शोषून घ्यायचा असतो. ओवीची किडनी तो नीट शोषत नाही, म्हणून तो लघवीत साठून त्याचे खडे होतात. हा जन्मजात दोष आयुष्यभर राहणार, पण आटोक्यात ठेवता येतो. त्यासाठी भरपूर पाणी, कमी मीठ आणि लघवीची आम्लता कमी ठेवणारं पोटॅशियम सायट्रेट. ऑपरेशनच्या वेळी लघवीच्या वाटेत ठेवलेली मऊ नळी, म्हणजे डीजे स्टेंट, काही आठवड्यांनी पुन्हा भूल देऊन काढली.

आता ओवी रोज सकाळी पट्टी बुडवून लघवीची आम्लता स्वतः बघते आणि वहीत लिहिते. वर्गात तासाला पाणी प्यायची आणि न विचारता बाथरूमला जायची परवानगीही तिने स्वतः बाईंशी बोलून मिळवली. परवाच्या सोनोग्राफीत नवा खडा नाही, डावीकडचे वाढलेले नाहीत.

आजाराचं नाव कळलं त्या दिवशी मॅडम समजावत होत्या की, हा दोष जन्म देणारे आई आणि वडील अशा दोघांकडून येतो आणि त्यांना स्वतःला कदाचित काहीच त्रास नसेल. ओवीने विचारलं, "मग त्यांना दुसरं बाळ असेल, तर त्यालाही असेल?"

"असू शकतो."

"मग त्यांना सांगायला नको?"

अनघाला किंवा मला हे सुचलंच नव्हतं. ज्यांना तिने कधी पाहिलं नाही, त्यांच्या बाळाची काळजी या मुलीला पडली होती.

पुढच्या सोमवारी मी दुकान बंद ठेवलं आणि मॅडमचं पत्र घेऊन दत्तक संस्थेत गेलो. तिथल्या बाईंनी विचारलं, "आपण कोण?" मी म्हणालो, "ओवीचा बाबा. दत्तक बाबा." म्हणताना काहीच अडलं नाही. नावं सांगता येणार नाहीत, हे बाईंनी आधीच स्पष्ट केलं. पत्र फाइलला लावू, नियमात राहून निरोप पोचवता आला तर पोचवू, असं त्या म्हणाल्या.

मूल दत्तक असो वा नसो, डॉक्टरांनी विचारलं आणि ठाऊक नसलं, तर बेधडक "माहीत नाही" म्हणा. त्यात कमीपणा नाही. हे मी वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मुलीकडून शिकलो.

फाइलला लावण्याआधी बाईंनी पत्र उलटून पाहिलं आणि हसल्या. मागे ओवीने पेन्सिलीने लिहिलं होतं, 'घाबरू नका. पोट दुखलं तर लगेच सोनोग्राफी करा. बाळाला खूप पाणी पाजा. मी बरी आहे.'